मुलगी जिम्नॅस्टिक्स खेळते, मला पंच व्हायचंय. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी साडेनऊ वर्षांची. पहिलीपासून आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स करते. मागच्या महिन्यात तिची स्पर्धा होती. सकाळी नऊची वेळ दिलेली, सुरू व्हायला साडेअकरा वाजले, कारण पंच बाहेरगावाहून यायच्या होत्या. पोरी वॉर्मअप करून बसल्या, अंग थंड पडलं, परत वॉर्मअप केला. मुलीच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "मुलींच्या गटाला आपल्याकडे पंचच नाहीत हो. होत्या त्यातली एक लग्न होऊन गेली, एक नोकरीला लागली."

तेव्हापासून मनात आहे की पंचांची परीक्षा आपणच का देऊ नये. माझं वय ३८, बी.कॉम. झालेय, घरून हिशेबाची कामं करते. कॉलेजात कबड्डी खेळले, जिम्नॅस्टिक्स कधीच नाही. माझे प्रश्न असे: स्वतः न खेळलेल्या बाईला पंच होता येतं का? परीक्षा कोण घेतं, अभ्यास कसला? मुलगी त्याच जिल्ह्यात खेळते, मग माझं बसणं योग्य दिसेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दीड मिनिटात एवढं सगळं दिसतं तरी कसं? मला तर बीमवर, म्हणजे त्या अरुंद तुळईवर, ती पडली की नाही एवढंच कळतं.

गणिताच्या बाई (ठाणे)

ताई, जरूर या. तुमच्यासारख्या बायकांची फार गरज आहे.

मी ठाण्यात शाळेत गणित शिकवते आणि बरीच वर्षं मुलींच्या आर्टिस्टिक स्पर्धांना पंच म्हणून बसते. मीही खेळलेली नाही. धाकटी बहीण खेळायची, तिला क्लासला न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे. एकदा स्पर्धेत गुणलेखक कमी पडल्या म्हणून मला टेबलाशी बसवलं, तिथून लागलेली गोडी. तेव्हा न खेळता जमतं का, तर जमतं. पण खेळलेल्या मुलीच्या अंगात जे असतं ते आपल्याला डोळ्यांनी कमवावं लागतं. ती नुसत्या खांद्यांवरून ओळखते की ही फ्लिक-फ्लॅक (हातांवरून मागे घेतलेली उलटी उडी) वाकडी जाणार. आपल्याला ते शेकडो फ्लिक-फ्लॅक पाहून कळतं. त्याला दुसरा उपाय नाही, हॉलमध्ये बसायचं.

आधी गुण कसे होतात ते सांगते, म्हणजे अभ्यास कशाचा करायचा ते कळेल.

पूर्वी दहापैकी गुण असत. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या ऑल-अराउंड (सगळ्या साधनांची बेरीज) फायनलला कोरियाच्या यांग ते-यंगचा पॅरलल बार्सचा स्टार्ट व्हॅल्यू, म्हणजे वजावट जिथून सुरू होते तो आकडा, १०.० ऐवजी ९.९ धरला गेला. तो कांस्यावर राहिला आणि सुवर्ण त्याच्यापासून ०.०४९ गुणांवर होतं. तीन पंच निलंबित झाले. त्यानंतर २००६ पासून दोन वेगळे गुण आले: डी आणि ई. डी म्हणजे अवघडपणा. त्याला वरची मर्यादा नाही. मुलीने केलेल्या घटकांतले सर्वांत किमतीचे आठ धरतात. ए घटकाला ०.१, बी ला ०.२, असं पुढे चढत जातं. बीमवरचं साधं कार्टव्हील ए, फ्लिक-फ्लॅक बी. फ्लोअरवर दुहेरी सॉल्टो (हवेतली कोलांटी) गोळा होऊन केला तर तो डी घटक, म्हणजे ०.४. त्यात रचनेच्या अटी पूर्ण केल्याचे आणि जोडण्यांचे गुण मिळतात. ई म्हणजे सफाई. तिथे प्रत्येक मुलगी १०.० पासून सुरू करते आणि आपण वजा करत जातो: लहान चुकीला ०.१०, मध्यमला ०.३०, मोठीला ०.५०, पडलं की १.००.

आता तुमच्या लेकीच्या वयाची एक मुलगी बीमवर डोळ्यांपुढे आणा. बीम १० सेंटिमीटर रुंद, ५ मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच. स्प्लिट लीपमध्ये पाय पूर्ण १८० अंशांत उघडले नाहीत, थोडे कमी पडले: ०.१०. फ्लिक-फ्लॅकला गुडघे जरासे वाकले: ०.१०. उतरल्यावर तोल सावरायला हात आणि कंबर चांगलीच हलली: ०.३०. पुढच्या घटकाआधी श्वास घेत दोन सेकंद उभी राहिली: ०.१०. कार्टव्हीलला खाली पडली: १.००. शेवटी डिसमाउंटला, म्हणजे बीमवरून उतरताना, मोठं पाऊल टाकलं: ०.३०. बेरीज १.९०, म्हणून ई ८.१०. तुम्हाला दिसलं फक्त ते पडणं. बाकीचे ०.९० तिथेच होते आणि तेच दिसायला शिकायचं असतं.

कसं शिकायचं? माझं आग्रहाचं म्हणणं एकच: आधी हात शिकवा, डोळा मागून येतो. प्रत्येक घटकाला एफआयजीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाने, एक चिन्ह ठरवून दिलंय. पंच रुटीन (मुलीची सलग अख्खी कसरत) शब्दांत लिहीत नाहीत, चिन्हांत लिहितात आणि चिन्हाच्या खाली वजावट टाकतात. हे कागदाकडे न बघता लिहायचं असतं. मान खाली घातलीत की तेवढ्यात त्या पोरीने एखादा घटक केलेला असतो आणि तो तुमच्यासाठी झालाच नाही. मला याचा फार त्रास होतो, हो. एखादी मुलगी वर्षभर एक वळण घोटते आणि टेबलावरची बाई तेव्हा पेन्सिल शोधत असते, हे मला सहन होत नाही. तेव्हा पहिले काही महिने फक्त चिन्हं गिरवा. स्वयंपाक करताना, गाडीत बसल्या-बसल्या, बोटाने मांडीवर. एक साधन घ्या, आधी बीमच घ्या, तिथे हालचाली मोजता येतात. मुलीच्या क्लासमध्ये सरांची परवानगी घेऊन बसा, मोठ्या मुलींची रुटीनं लिहून काढा आणि नंतर त्यांनाच विचारा, तू काय काय केलंस. तुमच्या कागदाशी जुळतं का बघा.

वजावटी त्यानंतर. त्यातही एका वेळी एकच: आज फक्त गुडघे, उद्या फक्त पायाचे चवडे ताणलेत की नाहीत, परवा फक्त लँडिंग. सगळं एकदम बघायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही.

पुस्तक म्हणजे कोड ऑफ पॉइंट्स. एफआयजीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. सध्याचं २०२५ ते २०२८ या चक्राचं आहे. मुलींचं आणि मुलांचं वेगळं असतं, मुलींचं उतरवा. मधे-मधे दुरुस्त्यांची पत्रकंही निघतात, तीही वाचायची. छापून, भोकं पाडून फायलीत लावा, कारण पानं सतत मागे-पुढे करावी लागतात.

परीक्षेचा रस्ता खालून वर जातो. तुमच्या जिल्हा संघटनेच्या सचिवांना लेखी अर्ज द्या की मला पंच व्हायचंय, तोवर टेबलाशी कुठलंही काम द्या. राज्य संघटना पंचांचं शिबिर घेते, शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. ती झाली की जिल्हा आणि राज्य स्पर्धांना बसवतात. तिथे काम दिसलं की राष्ट्रीय महासंघाच्या पंच अभ्यासक्रमाला नाव जातं. त्याच्यावर एफआयजीचं ब्रेव्हे, म्हणजे आंतरराष्ट्रीय पंचाचं प्रमाणपत्र, त्याच्या चार श्रेण्या, चौथीतून सुरुवात. प्रत्येक ऑलिम्पिकनंतर कोड बदलतं आणि ब्रेव्हेसाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. एकदा पास झालो म्हणून जन्मभर पंच, असं या खेळात नाही आणि ते योग्यच आहे.

तोवर टेबलाचं काम कमी समजू नका. बीम आणि फ्लोअरला ९० सेकंदांची मर्यादा असते, तिथे वेळ लावणारी लागते. मुलगी बीमवरून पडली तर परत चढायला १० सेकंद, बार्सवर (उंच-सखल दोन दांड्यांवर) ३० सेकंद, ते मोजणारी लागते. फ्लोअर १२ बाय १२ मीटरचा. एक पाय रेषेबाहेर गेला तर ०.१०, दोन्ही गेले तर ०.३०, त्यासाठी कोपऱ्यात रेषापंच बसते. ही कामं करताना रुटीन सगळ्यात जवळून दिसतं आणि गुणांची जबाबदारी अजून अंगावर नसते. शिकायला याहून चांगली जागा नाही.

मुलीचं नंतर लिहिते, शाळेची घंटा झाली.

रिबन आणि हूप (पुणे)

बाईंनी आर्टिस्टिकचं सगळं सांगितलंय. ताई, तुम्हाला नृत्य-संगीताची आवड असेल तर रिदमिककडेही, म्हणजे रिबन-हूप घेऊन संगीतावर करतात त्या प्रकाराकडेही, बघा म्हणेन. पंच तिथेही कमीच आहेत. मी रिदमिक शिकवते. तिथे चटई १३ बाय १३ मीटर, रुटीन सव्वा ते दीड मिनिटाचं, आणि पंचांची कामं जास्त वाटलेली: शरीराचे घटक मोजणारे वेगळे, साधनाची हाताळणी मोजणारे वेगळे, कलात्मकतेचे वेगळे आणि सफाईचे वेगळे. कलात्मकतेचा पंच संगीत आणि हालचाल जुळते का, एका भागातून दुसऱ्यात जाताना तुटतं का, हे बघतो. आपल्याकडच्या भरतनाट्यम-कथक शिकलेल्या बायका यात फार लवकर तयार होतात, मी पाहिलंय.

फक्त लक्षात ठेवा, एका प्रकारचं प्रमाणपत्र दुसऱ्यात चालत नाही. कोड वेगळं, परीक्षा वेगळी. मुलगी आर्टिस्टिक करते म्हणजे तुम्हीही तेच करायला हवं असं नाही. उलट मुलीच्या स्पर्धेत बसण्याचा पेच त्याने आपोआप सुटेल.

गोदाकाठ (नाशिक)

बाई, तुमचं उत्तर वहीत उतरवून घेतलं. काल मुलीला विचारलं, तू बीमवर दोन सेकंद थांबतेस का गं? म्हणाली, "आई, सर रोज तेच ओरडतात!" मला एवढे दिवस वाटायचं सर उगाच घाई करतात.

रिबनताई, सुचवलंत ते छान आहे, पण माझा जीव बीममध्ये अडकलाय.

कोड उतरवलं. खूप मोठं आहे आणि सगळं इंग्रजीत. मी मराठी माध्यमाची, हिशेबाचं इंग्रजी येतं पण हे वाचताना एका पानाला अर्धा तास लागतो. परीक्षा इंग्रजीतच असते का? आणि प्रात्यक्षिक म्हणजे नेमकं काय, मला कोलांटी मारायला लावतील का?

बार्स सोडलेली (छत्रपती संभाजीनगर)

काकू, कोलांटी नाही मारावी लागत 🙂 प्रात्यक्षिक म्हणजे गुण देणं. मी खेळ थांबवल्यावर लगेच परीक्षा दिली, म्हणून अजून ताजं आहे.

आमच्या वेळी पडद्यावर एकामागून एक रुटीनं दाखवली. प्रत्येक एकदाच. मागे घेणं नाही, हळू करणं नाही. संपलं की थोडा वेळ देतात, तेवढ्यात डी काढायचा, ई काढायचा, कागद द्यायचा, पुढचं सुरू. तज्ज्ञांनी ठरवलेला गुण आधीच असतो आणि तुमचा गुण त्याच्या किती जवळ येतो त्यावर निकाल. म्हणजे कडक असून उपयोग नाही आणि सढळ असूनही नाही. आणखी एक: चार मुलींचा क्रम बरोबर लागला का, हेही महत्त्वाचं. सगळ्यांना सारखेच ०.३ जास्त दिलेत तर निदान मुलींचा क्रम तरी बिघडत नाही. पण एकीला जास्त, एकीला कमी झालं की गडबड.

घरी सराव: मोठ्या स्पर्धांचे व्हिडिओ घ्या, गुण दिसायच्या आत थांबवा, स्वतःचा गुण लिहा, मग चालू करा. मी फक्त ई लिहायचे आधी. पडद्यावर आलेला गुण आणि माझा, दोन्ही वहीत. काही आठवड्यांनी कळतं की आपला कल कुठे आहे. मी स्वतः बार्सवाली, त्यामुळे बार्सवर मी फार कडक होते. हँडस्टँड उभ्या रेषेपासून १० अंशांपर्यंत चुकला तरी माफ असतो, ३० पर्यंत ०.१०, ४५ पर्यंत ०.३०, पुढे ०.५०. माझ्या सरांनी मला १० अंशांतही बोल लावलेले, म्हणून माझा हात तिथेच ०.१० लिहायचा. ते वहीत दिसलं आणि मग सुटलं.

इंग्रजीचं म्हणाल तर एफआयजीच्या अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, रशियन, स्पॅनिश. त्यामुळे पुस्तक इंग्रजीतूनच वाचावं लागतं. पण काकू, तीच तीच वाक्यं परत येतात. वजावटींच्या तक्त्यात जे शब्द आहेत ते पाठ झाले की निम्मं पुस्तक वाचता येतं. शिबिरात शिकवणाऱ्या मॅडम मराठी-हिंदीतच समजावतात.

आणि हो, आपल्याकडून कुणी वरपर्यंत जातं का म्हणाल तर दीपक काबरा सर टोकियो ऑलिम्पिकला जिम्नॅस्टिक्सचे पंच म्हणून गेले. ऑलिम्पिकला या खेळात पंच झालेले ते पहिले भारतीय. खेळाडू म्हणून न गाठता आलेली जागा पंच म्हणून गाठता येते, हे आम्हा मुलींना त्यांच्यामुळे पहिल्यांदा कळलं.

गणिताच्या बाई (ठाणे)

संभाजीनगरच्या मुली, वहीची युक्ती उत्तम आहे. ताई, ती नक्की करा.

आता तुमच्या मुलीचं. माझं मत स्पष्ट आहे: ती ज्या गटात उतरते त्या गटाच्या पंचांत बसायचं नाही. वेळ लावायलाही नाही. तुम्ही पूर्ण प्रामाणिक असाल, तरी शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईला ते कळायचा मार्ग नाही, आणि तुमच्या मुलीला पदक मिळालं तर लोक तिच्याकडे बघून कुजबुजतील. ते ओझं तिच्यावर का? लहान जिल्ह्यात सगळे एकमेकांचे कुणीतरी असतातच, कुणाची भाची, कुणाची विद्यार्थिनी. म्हणून अर्ज देतानाच लिहून द्या की माझी मुलगी अमुक गटात खेळते, तो गट सोडून मला काम द्यावं. सचिवांना आनंदच होईल. मोठ्या मुलींच्या गटाला बसा. तुमच्यासारखी दुसरी आई तिच्या गटाला बसेल. म्हणूनच तर जास्त पंच हवेत.

टेबलावर बसलात की प्रशिक्षकांशी, पालकांशी गप्पा बंद. मुलीशीसुद्धा. शेजारच्या पंचाच्या कागदाकडे बघायचं नाही. वरचा आणि खालचा ई गुण वगळून मधल्यांची सरासरी काढतात, ती पद्धत प्रत्येकीने स्वतंत्र बघितलं तरच कामाची. नव्या पंचांना भीती वाटते की माझाच गुण वेगळा पडला तर? पडू दे. मुख्य पंच बोलावून विचारतील, तुमच्या चिन्हांखालच्या वजावटी दाखवा. म्हणून कागद नीट हवा. "मला वाटलं" असं तिथे चालत नाही. "लीपला ०.३०, लँडिंगला ०.१०" असं सांगता आलं पाहिजे.

प्रशिक्षकाला हरकत घेता येते ती फक्त डी गुणावर, आणि तीही फक्त स्वतःच्या मुलीच्या. ई वर हरकतच नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या, ताई. ई मध्ये तुम्ही जे लिहिलं ते हरकत घेऊन कुणी फिरवू शकत नाही. त्या मुलीला दुसरी दाद नाही.

दशांशात काय असतं ते दीपा कर्माकरने सगळ्या देशाला दाखवलं. रिओ २०१६, व्हॉल्टची फायनल. तिने ७.० अवघडपणाचा प्रोदुनोवा (पुढच्या दिशेने दोन कोलांट्यांचा व्हॉल्ट) मारला, सरासरी १५.०६६, चौथी. स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरला कांस्य मिळालं १५.२१६ वर. फरक ०.१५०. दोन व्हॉल्टची सरासरी असते, म्हणजे दोन्ही मिळून ०.३० चा फरक. लँडिंगला पडलेलं एक मोठं पाऊल एवढंच ते. त्या रात्री मी माझ्या वर्गातल्या मुलांना दशांश अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं उदाहरण शोधूच शकले नसते.

आणि ऑलिम्पिक लांब राहू द्या. शालेय स्पर्धांच्या निकालावर आपल्याकडे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण मिळतात, पुढे खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी मिळते. सफाई कामगाराची मुलगी, रिक्षावाल्याची मुलगी, सगळ्या त्या चटईवर उभ्या असतात. तिसरी की चौथी, हे ०.०५० ने ठरतं. अशा स्पर्धेत नीट शिकलेल्या पंचच नसतील तर आपण त्या मुलींना काय देतोय? मला शालेय स्पर्धेला बोलावलं तर मी राष्ट्रीयपेक्षा जास्त तयारी करून जाते.

मानधनाची फार आशा धरू नका. प्रवास आणि जेवण निघतं. एक गडद निळा सूट आणि पांढरा शर्ट शिवून ठेवा, तो लागतोच. टोक केलेल्या पेन्सिली मूठभर न्या. आणि पायात मऊ बूट घाला, हॉलची फरशी दिवसभरात पाय तोडते.

गोदाकाठ (नाशिक)

बाई, अर्ज लिहिला. मुलीचा गट कोणता ते पहिल्याच ओळीत टाकलंय. सरांनी सांगितलं की क्लासमधल्या मोठ्या मुली संध्याकाळी साडेपाच ते सात बीम करतात, तेव्हा बसायला हरकत नाही. काल बसले. एका मुलीचं रुटीन लिहायला घेतलं आणि तिसऱ्याच घटकाला मान खाली गेली, तुम्ही म्हणालात तसं. मग चिन्हं सोडली आणि नुसत्या रेघा मारल्या, प्रत्येक घटकाला एक रेघ, नजर वर ठेवून. तेवढं जमलं. तिने नंतर मोजून सांगितलं, माझ्या रेघांत एकच कमी होती.

एक शंका राहिली. बीमवर चढणं, म्हणजे माउंट, तोही घटक धरायचा का? ती एक रेघ तिथलीच सुटली बहुतेक.

गणिताच्या बाई (ठाणे)

हो, माउंटही घटकच. कोडमध्ये माउंटचा वेगळा विभाग आहे, तिथे त्याची किंमत आणि चिन्ह मिळेल. ती स्प्रिंगबोर्डवर पळत येते तेव्हापासून पेन्सिल कागदावर हवी. नजर वर ठेवून रेघा मारल्यात ते फार छान केलंत. आठवडाभर तेच करा, मग रेघेच्या जागी फक्त तीन चिन्हं: लीप, वळण, फ्लिक-फ्लॅक. बाकी सगळ्याला अजून रेघच.